पाणी दिसतं एकीकडे, शिरतं दुसरीकडून. जुन्या व्हॅनमधलं लीकेज शोधायचं कसं?

जून महिन्यातली सकाळ. बोरिवलीत एका सोसायटीच्या गेटवर शाळेची व्हॅन येऊन थांबते. पोरं मागच्या सीटवर बसायला तयार नसतात, कारण सीट ओली असते. व्हॅनवाले काका तिथं टॉवेल टाकतात आणि वेळ मारून नेतात. रविवारी मागच्या काचेच्या कडेनं सिलिकॉनची अख्खी ट्यूब मारून आणतात. सोमवारी पाऊस पडतो आणि सीट पुन्हा ओली.

अंधेरी असो नाहीतर मुलुंड, जुनी व्हॅन चालवणाऱ्यांना हा किस्सा नवा नाही.

मारुतीची व्हॅन आली १९८४ साली. १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. २०१० साली आलेल्या ईकोच्या सुरुवातीच्या गाड्याही आता म्हाताऱ्या झाल्यात. पण शाळेची पोरं, केटरिंगचे डबे, दुकानाचा माल यासाठी या गाड्या उपनगरांत अजूनही पळतात. आणि सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २२०० मिलीमीटरहून जास्त पाऊस मोजला जातो. म्हणजे एवढीशी फटसुद्धा महागात पडते.

पण थोडंसं पाणी आलं तर बिघडतं काय?

ओल्या सीटचा त्रास डोळ्यांना दिसतो. खरं नुकसान मॅटिंगखाली होत असतं.

मॅटिंगच्या खालचा फोम किंवा नमदा पाणी धरून ठेवतो. वरून मॅट कोरडी वाटते, खाली पत्रा महिनोन्महिने ओला राहतो आणि सडायला लागतो. सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट याच पत्र्यात बसवलेले असतात. पत्रा कुजला तर अपघाताच्या वेळी सीट जागेवर राहील याची खात्री उरत नाही. त्यातून गाडी धंद्याची असेल, तर आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस तपासणी करावी लागते. तिथं सडलेला पत्रा अडचणीत आणू शकतो.

आधी बघा, हे पाणी पावसाचंच आहे ना?

पाऊस नसतानाही पुढचा पाय ठेवायचा भाग ओला होत असेल आणि एसी चालू असतानाच होत असेल, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असू शकते. पाणी हिरवट किंवा लालसर, बोटाला चिकट लागत असेल आणि कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरत असेल, तर ते कूलंट आहे. अशा वेळी सरळ मेकॅनिक गाठा.

आणि गाडी अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून काढली असेल, तर पाणी खालूनही येतं. फ्लोअरच्या पत्र्याला कारखान्यातच भोकं ठेवलेली असतात, त्यांना रबरी बुचं असतात. ही बुचं कडक होतात, कधी पडून जातात.

मग काकांचं सिलिकॉन का चाललं नाही?

कारण पाणी जिथं दिसतं, तिथूनच ते आत आलेलं असतं असं नाही.

छताच्या जोडातून शिरलेलं पाणी आतल्या अस्तरावरून, खांबाच्या पोकळीतून वाहत जातं आणि कुठंतरी भलतीकडेच टपकतं. त्यात गाडी घाटकोपरच्या असल्फ्यासारख्या चढावर लावलेली असेल, तर पाणी उताराच्या बाजूला जाऊन साचतं. सपाटीवर लावली की ओली जागा बदलते. त्यामुळे ट्यूब विकत घेण्याआधी वाट शोधायची.

ही वाट शोधायची कशी?

माणसं दोन लागतात. एक बाहेर, एक आत टॉर्च घेऊन.

१. मॅट आणि मॅटिंग उचला. शक्य तिथं आतली पॅनेल काढा. सगळं कोरडं पुसून घ्या.

२. संशय असलेल्या जोडांवर आतून टाल्कम पावडर भुरभुरा. पाण्याचा ओघळ तिच्यावर लगेच उमटतो.

३. आता बाहेरून पाणी सोडा, पण सुरुवात खालून करा. आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची खालची कड, मग वरची कड आणि शेवटी छत. एकेका जागी पाच मिनिटं थांबा. छतापासून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

४. पाइपाची धार हळू ठेवा. सोसायटीत पाइप लावायला बंदी असेल तर बादली आणि झारीनंही काम होतं.

५. पहिला थेंब दिसला की थांबा, खडूनं खूण करा आणि तिथून उलटं वर बघत जा.

दाराचं रबर तपासायची पद्धत याहून सोपी आहे. कागदाची पट्टी फटीत ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथं रबर दबलंय. सरकत्या दाराच्या बाबतीत मात्र कधीकधी रबर चांगलं असतं, रोलर झिजून दारच नीट बसत नसतं.

नेहमीचे संशयित कोण?

छताच्या कडेची पन्हळ: इथला जुना सीलर तडकतो. शिवाय झाडाखाली गाडी लावली की पानांनी पन्हळ तुंबते.

पुढची-मागची काच: ओम्नीची पुढची काच रबरात बसवलेली असते. रबर उन्हानं कडक होतं आणि त्याखालचा पत्रा गंजतो.

कॅरियरचे बोल्ट, मागच्या दिव्यांची गॅस्केट, डिकीचं रबर: काकांच्या मागच्या सीटसाठी आधी इथं बघायला हवं होतं.

दारात बसवलेले स्पीकर: काचेवरून दाराच्या आत पाणी जाणं नॉर्मल आहे, ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पॅडमागे एक प्लास्टिकचा पडदा असतो. स्पीकर बसवताना तो फाडला जातो आणि पाणी पायाशी येतं.

सीएनजी किट: सिलिंडरच्या ब्रॅकेटसाठी आणि पाइपासाठी पत्र्याला भोकं पाडलेली असतात. इथं स्वतः हात घालू नका. अधिकृत सेंटरलाच दाखवा, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट असतेच.

दुरुस्ती करताना काय टाळायचं?

पहिलं, दाराच्या तळाची भोकं बुजवू नका. अनेक जण ‘इथूनच पाणी येतंय’ म्हणून ती बंद करतात. मग दारच पाण्याची टाकी होतं आणि खालून सडतं. ही भोकं तारेनं मोकळी ठेवायची.

दुसरं, बाथरूमचं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला लावू नका. सुकताना त्यातून आम्ल सुटतं, त्यानं गंज वाढतो, वर रंगही धरत नाही. एम-सीलसारखं कडक होणारं मिश्रणही जोडावर टिकत नाही, कारण खड्ड्यांत गाडीची बॉडी हलते आणि ते तडकतं.

योग्य पद्धत अशी: जुना सीलर खरवडा, गंज तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं साफ करा, प्रायमर मारा, मग गाड्यांसाठीचं पॉलियुरेथेन सीम सीलर आणि त्यावर रंग. काचेचं रबर मऊ असेल तर त्याच्या ओठाखाली काचेसाठीचं, न सुकणारं सीलंट भरा. कडक झालं असेल तर काचवाल्याकडून बदलून घ्या. पेचकसानं उचकटलंत तर काच जाईल.

सीटच्या बोल्टजवळ पत्रा सडला असेल तर डांबर किंवा फायबर लावून झाकू नका. तिथं पत्रा कापून वेल्डिंगच करावं लागतं आणि ते गॅरेजचं काम आहे.

आणि हे कधी करायचं?

मुंबईत मान्सून दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. म्हणून मे महिना उत्तम. पत्रा कोरडा असतो, सीलर नीट धरतो, शाळाही बंद असतात. पाऊस सुरू झालाच असेल तर आधी मॅटिंग बाहेर काढा, उघडीप बघून गाडी वाळवा आणि भोक सापडेपर्यंत ते परत टाकू नका. दुरुस्तीनंतर तीच पाण्याची टेस्ट पुन्हा करा.

आणि तुमची पोरं व्हॅननं शाळेत जात असतील, तर एकदा पायाखालची मॅट उचलून बघायला सांगा. काकांवर संशय म्हणून नाही. बऱ्याचदा तिथं काय झालंय हे त्यांनाही माहीत नसतं.