डिस्प्ले येत नाही

सकाळी साडेनऊ. शटर अर्धं वर गेलंय तोवर फोन. "दादा, रात्री नवीन रॅम टाकली, आता डिस्प्लेच येत नाही. मदरबोर्ड गेला का हो?" मी दोनच गोष्टी विचारतो: पंखा फिरतो का, बीप येते का. मग सांगतो, मॉनिटर घरीच राहू द्या, नुसतं कॅबिनेट आणा, आणि रिक्षातून आणताना वर प्लास्टिक टाका. जुलैतला पनवेलचा पाऊस आडवा येतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून अशा फोनांना खळ नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं, इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा. लोक बोर्ड-प्रोसेसर नवा घेतात. कॅबिनेट, हार्ड डिस्क आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, मात्र तेच. त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले, कारण मेमरी बनवणाऱ्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळला. मग कुणी ओळखीच्याची वापरलेली रॅम आणतं, कुणी ऑनलाइन दिसेल ती सगळ्यात स्वस्त.

पावणेअकरा. कामोठ्याचे काका कॅबिनेट घेऊन हजर. बोर्डवर जुनी २४०० ची ८ जीबी आणि शेजारी नवी ३२०० ची १६ जीबी. दोन्ही काढतो, सोनेरी पट्टी खोडरबराने पुसतो, नवी एकटीच प्रोसेसरपासूनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही बाजूंनी 'कट्' आवाज येईपर्यंत बसवतो. डिस्प्ले येतो. काका खिशात हात घालतात, पण मी मशीन सोडत नाही. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावतो. तासाभरात चुकांच्या लाल ओळी दिसू लागतात.

"अहो, सील मी स्वतः फोडलंय!"

सील काय करणार? इलेक्ट्रॉनिक भाग मरतात ते बहुतेक अगदी तान्हे असताना किंवा अगदी म्हातारे झाल्यावर. मधली वर्षं शांत जातात. ही रॅम तशीच घरी गेली असती तर मशीन चालूही राहिलं असतं, आणि कधी झिप फाइल उघडली नसती, कधी निळा पडदा आला असता, कधी फोटो अर्धा करडा झाला असता. दोष विंडोजला गेला असता. बिल आहे, वॉरंटी आहे, रॅम बदलून मिळेल. काकांना सांगतो, बिलावरचा सिरियल नंबर स्टिकरशी ताडून घ्या.

बारा. एक निवृत्त बाई हार्ड डिस्क रुमालात बांधून आणतात. मुलाने एसएसडी टाकायला सांगितलंय, जुनी "थोडी स्लो" आहे. डिस्कच्या तब्येतीची 'स्मार्ट' नोंद उघडतो: वाचायला अडणारे पेंडिंग सेक्टर शेकड्यांत. डिस्क दुरुस्त करणारी कुठलीही कमांड मी आता चालवणार नाही, कारण अशा डिस्कला मेहनत करायला लावली की ती लवकर जाते. आधी फोटो बाहेर, बाकी सगळं नंतर. कॉपी लावून ठेवतो, "मॅडम, उद्या या."

दीड. डबा. लाइट दोनदा जाऊन येतो.

अडीच. खांदा कॉलनीतला मुलगा आणि त्याचे बाबा. नवं ग्राफिक कार्ड, गेम सुरू केला की मशीन धाडकन बंद. कार्ड एकदा बदलून आणलंय, दुसरंही तसंच करतं. त्यासाठी हार्बर लोकलने सीएसएमटी, तिथून सर्व्हिस सेंटर, असा अख्खा दिवस बापलेकांनी घालवलाय. बाबा म्हणतात, "कंपनीच फालतू आहे."

कॅबिनेटचं झाकण काढतो. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, वर ४५० वॅट छापलंय, कार्यक्षमतेचा 'एटी प्लस' शिक्का कुठेच नाही, हातात घेतला तर पिसासारखा हलका. मल्टिमीटरचं एक टोक पिवळ्या वायरला, दुसरं काळ्याला. नुसतं डेस्कटॉप असताना ११.९ व्होल्ट. गेम सुरू केला, ११.२, आणि बंद. १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली गेलं की संपलं. दुकानातला चांगला एसएमपीएस जोडतो, तोच गेम तासभर चालतो. पहिलं कार्डही बहुधा ठीकच होतं.

एसएमपीएसच्या आतले कॅपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. कॅबिनेट भिंतीला टेकवून कपाटात कोंबलेलं असेल तर हिशोब तुम्हीच करा. जुन्या मशीनचं १५० वॅटवर भागत होतं म्हणून हा एसएमपीएस इतकी वर्षं खपून गेला. अपग्रेडने तो बिघडला नाही, उघडा पडला. मुलगा विचारतो, "यूट्यूबवर कुणी हे का सांगत नाही?" सांगतात रे, पण त्या व्हिडिओला रंगीत लाइट नसतात.

साडेपाच. नवीन पनवेलला एका घरी. नवा बोर्ड टाकल्यापासून कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, यूएसबी मध्येच सुटतं. बोर्ड परत करायची तयारी झालेली, आणि बोर्डवरच्या प्रोसेसर सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण फेकून दिलेलं. ते झाकण नसेल तर वाकलेल्या पिनांचं खापर तुमच्यावर फुटतं. बोर्ड बाजूला ठेवून भिंतीतल्या सॉकेटला मीटर लावतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ काहीच नाही. तिसऱ्या भोकामागे वायरच नाही! एसएमपीएसच्या फिल्टरमधली किंचित गळती अर्थकडे जायला हवी, ती वाट नसल्याने पत्र्यावर साचते. बोर्ड चांगला आहे. इलेक्ट्रिशियन बोलवा, म्हणतो. माझी फी देताना ताईंचा चेहरा नाराज, कारण मी काहीच बदललं नाही.

आठ. हार्ड डिस्कची कॉपी अजून चालू आहे, बरेचसे फोटो निघालेत. खांदा कॉलनीच्या बाबांचा फोन: जुना एसएमपीएस परत द्या, भाच्याच्या मशीनला होईल. मी नाही म्हणतो. तो ई-कचऱ्याच्या खोक्यात गेलाय. तुम्हीही नवा बोर्ड किंवा कार्ड सदोष म्हणून परत करायला निघाला असाल, तर आधी शेजाऱ्याचा चांगला एसएमपीएस तासभर मागून जोडून बघा.