नसल्यास, विलंबाची कारणे काय?

विधिमंडळाचं अधिवेशन जवळ आलं हे आमच्या कचेरीत मंत्रालयाच्या फोनवरून कळायचं. पलीकडे कक्ष अधिकारी असे. "एलएक्यू आहे. संध्याकाळपर्यंत माहिती पाठवा." एवढं बोलून फोन ठेवलेला. एलएक्यू म्हणजे आमदाराने विधानसभेत विचारलेला प्रश्न. सोलापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून माझी नोकरी झाली. ऐन मार्चमध्ये हिशेबाची धांदल आणि त्यातच अर्थसंकल्पी अधिवेशन, म्हणजे जेवणाचा डबा तसाच घरी न्यायचा.

टीव्हीवर लोकांना पायऱ्यांवरच्या घोषणा, फडकणारे फलक आणि सभात्याग दिसतो. शेजारपाजारचे विचारतात, विरोधक तिथं ओरडून मिळवतात काय? माझा अनुभव असा, की ओरडण्याचा आवाज आमच्या टेबलापर्यंत कधी आला नाही. लेखी प्रश्न मात्र हटकून यायचा.

त्याचा प्रवास असा. आमदार अधिवेशनाच्या बराच आधी प्रश्न देतो. अध्यक्षांनी तो तारांकित म्हणून स्वीकारला, तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. अतारांकित असेल तर छापील उत्तरावर भागतं. प्रश्नाची भाषा ठरलेली. मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. मग अमुक गावची योजना बंद पडली हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली. आणि शेवटी नेहमीचं शेपूट, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मंत्रालय ते खात्याकडे पाठवतं, खातं जिल्ह्याकडे, जिल्हा तालुक्याकडे. अखेर एखादा ग्रामसेवक मोटारसायकलवर जाऊन पंपघराचं कुलूप बघून येतो. दोन वर्षं कुणी न उघडलेली फाइल त्या दिवशी चार टेबलं फिरते. माझ्या लेखी खरी कमाई हीच. मंत्र्याचं उत्तर कसंही येवो, कुलूप कुणीतरी जाऊन पाहिलेलं असतं.

उत्तर लिहिणं ही आमची कला. 'हे खरे आहे' असं लिहायला कुणाचाही हात धजत नाही. 'अंशतः खरे आहे' हे सगळ्यांचं लाडकं. आमदाराने टँकर मे महिन्यात बंद झाला म्हटलं आणि तो जूनच्या दोन तारखेला बंद झाला असेल, तर बिनदिक्कत 'हे खरे नाही' आणि खाली 'प्रश्न उद्भवत नाही'. गावाला पाणी मिळत नाही, कागदावर प्रश्नच नाही! असे मसुदे मीही केले आहेत, आणि साहेबांनी ते खुशीने सही करून पुढे धाडले आहेत.

या कलेला उतारा एकच, उपप्रश्न. तोंडी उत्तर झालं की आमदार त्यावरून पुढचं विचारू शकतो, आणि ते आधी छापलेलं नसतं. म्हणून उत्तरासोबत आम्ही पुरवणी टिपणी जोडायचो. आमदार आणखी काय काय विचारील याचा अंदाज बांधून त्यात आकडे भरायचे. तालुक्याचं नाव आणि आमदाराचं नाव बघून ही टिपणी लहानमोठी होई. सांगोल्याची कायम मोठी.

कारण तिथं आबासाहेब होते. गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष. १९६२ साली सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले. १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा हरले, १९९९ ला पुन्हा आले. २०१४ चा विजय अकरावा. एकच मतदारसंघ, एकच पक्ष. १९७८ आणि १९९९ ची मंत्रिपदं सोडली, तर बहुतेक सगळी कारकीर्द विरोधी बाकावर गेली. १९७७-७८ मध्ये ते विरोधी पक्षनेते होते. त्या काळी ही खुर्ची शेकापच्या घरचीच वाटावी अशी स्थिती होती: कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील, मग गणपतराव, पुढे दत्ता पाटील. आबासाहेब एसटीने फिरत, याचं लोकांना फार अप्रूप. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं विचारणं. दुष्काळी तालुक्याचा माणूस, त्यामुळे विषय तेच ते: पाणी, चारा, रोजगार हमीची मजुरी. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत जो मुद्दा मांडायचे तोच सभागृहात. कृष्णेचं पाणी कराडजवळून उचलून आणणारी टेंभू योजना सांगोल्यासारख्या तालुक्यांच्या वाट्याला आली त्यामागे हा अनेक वर्षांचा तगादा आहे. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरातच ते गेले.

शहराच्या बाजूने नरसय्या आडम मास्तर. तीनदा आमदार, माकपचे, विडी आणि यंत्रमाग कामगारांचे. त्यांची शैली वेगळी. सभागृहात बोलतील आणि बाहेर मोर्चाही काढतील.

हा मामला आपल्याकडचाच आहे असं नाही. आयर्लंडच्या संसदेत, म्हणजे डॉलमध्ये, पंतप्रधानाला दर आठवड्याला विरोधी नेत्यांच्या प्रश्नांसमोर जातीने उभं राहावं लागतं. तिथल्या कॅथरीन मर्फी या बाईंनी मे २०१५ मध्ये सरकारी मालकीच्या बँकेने एका बड्या उद्योगपतीला दिलेल्या कर्जाचा तपशील सभागृहात सांगितला. त्या विषयावर आधीच न्यायालयाचा मनाई आदेश होता, म्हणून तिथल्या बहुतेक वृत्तसंस्थांनी ते भाषण छापायचं-दाखवायचं टाळलं. काही दिवसांनी न्यायालयाने खुलासा केला, की संसदेतल्या बोलण्याच्या बातमीला तो आदेश लागू नाही. पुढे बँकेच्या व्यवहारांवर चौकशी आयोग बसला. आपल्या आमदारालाही असं कवच संविधानाच्या अनुच्छेद १९४ ने दिलं आहे. सभागृहात बोलल्याबद्दल त्याच्यावर न्यायालयात खटला चालत नाही. इतकं मोठं हत्यार हातात असून कित्येक आमदार पाच वर्षं फक्त अभिनंदनाच्या ठरावावर बोलतात, याचं मला नवल वाटत आलं आहे.

आपल्या विधानसभेच्या २०२४ च्या निकालात २८८ जागांपैकी विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाला २० मिळाल्या. विरोधी पक्षनेतेपदासाठी एक दशांश सदस्यसंख्येचा दाखला दिला जातो, तेवढी कुणाचीच भरली नाही. सांगोल्यातून मात्र आबासाहेबांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले, पक्षाचे एकटेच. एकट्यालाही तारांकित प्रश्न देता येतो. लक्षवेधी मांडता येते, अर्धा तास चर्चा मागता येते. फोन करणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला त्या पक्षाचं संख्याबळ विचारायची गरज पडत नाही.

आमदार आपला प्रश्न घेतच नसेल, तर एक गोष्ट वाचकांनी माहीत करून घ्यावी. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याच्या कलम ८ मध्ये माहिती नाकारायची कारणं दिली आहेत, आणि नोव्हेंबर २०२५ पर्यंत तिथंच एक तरतूद होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. ती तरतूद आता नाही, पण अर्जाची वाट आहेच: साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराला तीस दिवस. अर्ज लिहिताना 'खरे आहे काय' असं विचारू नका, त्याला उत्तर टाळायच्या वाटा आम्हाला पाठ आहेत. पंपघर कोणत्या तारखेला बंद झालं, त्यानंतर कोणत्या तारखेला कोणी पाहणी केली, त्या पाहणी अहवालाची प्रत द्या, असं मागा.