दया नव्हे, न्याय

१ मे हा महाराष्ट्राचा स्थापनादिन, तसाच तो कामगारदिनही होय. या कामगारदिनाचे मूळ १८८६ साली शिकागोत झालेल्या आठ तासांच्या दिवसासाठीच्या लढ्यात आहे, हे सर्वश्रुत आहे. त्या लढ्यातील फाशी गेलेल्यांचे स्मरण होते. परंतु त्यांच्यावर अन्याय झाला असे अधिकारपदावरून लिहून देणारा इलिनॉयचा गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड मात्र विस्मृतीत गेला आहे.

४ मे १८८६ रोजी हेमार्केट चौकातील सभा पांगविण्यास पोलीस आले असता कोणीतरी बॉम्ब टाकला. त्यात व नंतरच्या गोळीबारात सात पोलीस आणि काही नागरिक मरण पावले. बॉम्ब टाकणारा अखेरपर्यंत सापडला नाही. तथापि आठ जणांवर खटला होऊन चौघांना १८८७ मध्ये फाशी देण्यात आली, एकाने आदल्या दिवशी कोठडीतच जीवनाचा अंत केला आणि तिघे तुरुंगात राहिले.

१८४७ साली जर्मनीत जन्मलेला, गरीब शेतकऱ्याच्या घरात वाढलेला आल्टगेल्ड प्रथम शाळामास्तर, पुढे वकील व न्यायाधीश झाला. १८९३ मध्ये तो गव्हर्नरपदी आला, तेव्हा या तिघांसाठी दयेचे अर्ज आलेलेच होते. अर्जदारांत शहरातील प्रतिष्ठित मंडळीही होती. नुसती दया दाखविली असती, तर फारसा गहजब झाला नसता. पण आल्टगेल्डने खटल्याची कागदपत्रे तपासली आणि २६ जून १८९३ रोजी तिघांना मुक्त करताना सविस्तर कारणे दिली: पंच पक्षपाताने निवडलेले होते, न्यायाधीश पूर्वग्रहदूषित होता आणि आरोपींचा बॉम्ब टाकणाऱ्याशी संबंध सिद्धच झाला नव्हता.

वृत्तपत्रांनी त्याच्यावर आग पाखडली. १८९४ च्या पुलमन संपात अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी राज्याची मागणी नसता शिकागोत फौज धाडली, तेव्हाही त्याने निषेध नोंदविला. त्याच्याच कारकीर्दीत बालमजुरीस आळा घालणारा व कारखाने तपासणीचा कायदा झाला. १८९६ च्या निवडणुकीत मात्र तो पराभूत झाला. १९०२ साली तो मरण पावला.

दयेने ते तिघे सुटलेच असते. पण मग न्यायालयाचा दोष झाकला गेला असता आणि फासावर गेलेले चौघे कायमचे गुन्हेगार ठरले असते. जे आता परत येणार नव्हते, त्यांच्यासाठीही आल्टगेल्डने आपले राजकीय भवितव्य पणास लावले. कामगारदिनाच्या सभांतून त्याचेही नाव घेतले जावे, एवढी त्याची योग्यता निश्चित आहे.