ऊस वाहतुकीच्या ट्रकचे इंजिन का तापते?

गळीत हंगामात ऊस वाहतुकीच्या ट्रकला विश्रांती नसते. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळपास गेला पाहिजे. उशीर झाल्यास वजन व साखर उतारा दोन्ही घटतात. अशा वेळी ट्रक तापून रस्त्यात उभा राहिला तर गाडीमालक व ऊस उत्पादक या दोघांचेही नुकसान होते. इंजिन कोणत्या परिस्थितीत तापते याकडे नीट लक्ष दिल्यास बहुतेक वेळा कारण सापडते.

शीतकरणाचे कार्य

पंप इंजिनातील पाणी फिरवतो. पाणी सुमारे ८० अंश सें. तापले की थर्मोस्टॅट उघडू लागतो व गरम पाणी रेडिएटरमध्ये जाऊन पंख्याच्या हवेने थंड होते. रेडिएटरचे टोपण आतील दाब टिकवून ठेवते. उघड्यावर १०० अंशाला उकळणारे पाणी दर चौ. सें.मी.ला अर्धा किलो जादा दाबाखाली सुमारे १११ अंशाला उकळते. त्यामुळे टोपणाची स्प्रिंग अगर रबर खराब झाले तरी पाणी लवकर उकळते.

लक्षणावरून कारण ओळखावे

१) शेतातून निघताना अगर चढावर तापते, मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो : रेडिएटरला हवा कमी मिळते. गाडी हळू असताना सर्व भार पंख्यावरच असतो. जाळीत अडकलेले पाचट व धूळ काढावी. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने मारावे, म्हणजे पाती वाकत नाहीत. पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास साधारण १० ते १५ मि.मी. दबावा. जास्त दबल्यास ताण द्यावा, तडे गेल्यास पट्टा बदलावा.

२) भरलेली गाडी मोकळ्या रस्त्यावरही तापते : विहीर अगर बोअरच्या जड पाण्यामुळे रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसले असण्याची शक्यता असते. इंजिन बंद करून जाळीवर हात फिरवावा. काही भाग थंड लागल्यास तेथील नळ्या बुजल्या आहेत असे समजावे. खालचा होज पाईप मऊ पडून आत ओढला जातो का, हेही पाहावे.

३) काटा वर जातो, पण वरचा होज थंडच राहतो : थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असावा. तो काढून पाण्याच्या भांड्यात टांगावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला नाही तर बदलावा.

४) पाणी रोज कमी होते : टोपण, होजचे क्लिप व पंपाखालील छिद्र तपासावे. छिद्रातून पाणी येत असल्यास पंपाचे सील गेले आहे. बाहेर गळती नसेल तर थंड इंजिनाचे टोपण काढून इंजिन सुरू करावे. सतत बुडबुडे येणे, ऑईल दुधाळ दिसणे अगर पांढरा धूर येत राहणे ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे आहेत. अशी गाडी चालवू नये.

थर्मोस्टॅट काढून टाकू नये

तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत चुकीची आहे. इंजिन थंड चालल्याने डिझेल जास्त लागते व सिलिंडरची झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसल्यास बरेच पाणी रेडिएटर टाळून परत फिरते व इंजिन अधिकच तापते.

पाणी व कुलंट

साध्या पाण्याऐवजी, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात शुद्ध पाणी व कुलंट वापरावे. जड डिझेल इंजिनांतील ओल्या लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडतात व शेवटी भोक पडून पाणी आत जाते. योग्य कुलंट हे टाळते. कुलंट चवीला गोड पण विषारी असल्याने मुले व जनावरांपासून दूर ठेवावे.

इंजिन तापल्यास

गाडी बाजूला घ्यावी. पाणी शिल्लक असून पट्टा शाबूत असल्यास इंजिन काही मिनिटे संथ चालू ठेवून मग बंद करावे. होज फुटला अगर पट्टा तुटला असल्यास ताबडतोब बंद करावे. गरम असताना टोपण उघडू नये, वाफेने भाजते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जातो.

दररोज सकाळी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी, पट्टा व जाळी पाहण्यास पाच मिनिटे लागतात. हंगामात हे काम चुकवू नये.