गाठ नखाशी आहे!

बोटाच्या शेवटच्या पेरावर, नखाच्या अगदी मागे, एखादी चकचकीत गाठ उठते आणि घरातलं कोणीतरी लगेच सांगतं, ‘चामखीळ आहे, चुना लाव!’ थांबा. ही मिक्सॉइड सिस्ट असू शकते. निरुपद्रवी, पण भारी मजेदार!

नावात सिस्ट असली तरी ही खरी सिस्ट नव्हे. खऱ्या सिस्टला आतून पेशींचं अस्तर असतं, हिला ते नसतंच.

आत असते बिनरंगी, चिकट जेली, हायलुरॉनिक आम्लाने भरलेली. होय, महागड्या सीरमच्या बाटलीवर ज्याचं नाव मिरवतं तेच! १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून वेगळं केलं होतं.

नखावर उभी खाच पडली आहे? नख जिथे तयार होतं तिथेच गाठ दाबत असेल. कधी कधी गाठ दिसण्याआधी ही खाचच दिसते.

आता ही गाठ ओळखायला मदत करणारा डर्मोस्कोप. हातात मावणारं, साधारण दहा पट मोठं दाखवणारं हे भिंग. त्याचा ध्रुवित प्रकाश त्वचेवरची चमक मारतो आणि खालचं चित्र उघडं करतो. नखाजवळचा भाग गोलसर, म्हणून डॉक्टर तिथे सोनोग्राफीचं जेल लावतात. मग दिसतं काय? गुलाबी-पांढरट, अर्धपारदर्शक गाठ आणि तिच्यावर फांद्या फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. चामखिळीत मात्र लाल-काळे ठिपके. फरक डोळ्यांत भरतो!

पण खरी कसोटी पुढे आहे. अशाच फांद्या बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगातही दिसतात. म्हणून जाणते डॉक्टर एकट्या भिंगावर निकाल देत नाहीत. जागा, वय, नखावरची खाच सगळं पाहतात, गाठीवर टॉर्च धरतात (जेली असेल तर ती उजळते) आणि शंका उरलीच तर तुकडा तपासतात. मला डर्मोस्कोपीच्या शास्त्रातला हाच भाग सर्वांत आवडतो.

या तपासणीच्या इतिहासातली एक गंमत. १६६३ मध्ये कोलहाउस या अभ्यासकांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेतल्या रक्तवाहिन्या पाहिल्या, त्याही नखाच्या मुळाशीच!

मिक्सॉइड सिस्ट बहुधा उतारवयाकडे झुकलेल्यांना, त्यातही बायकांना जास्त होते, कारण पेराच्या सांध्याची झीज. अनेकदा एक बारीक देठ तिला थेट सांध्याशी जोडतो. म्हणूनच कळकळीने सांगते, घरी सुई खुपसून ती फोडू नका. जंतू सांध्यात शिरू शकतात. त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा.