वादळाचा इशारा ॲप कसे वाचते?
‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकले. अशा आपत्तींच्या इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ ही राष्ट्रीय यंत्रणा ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’ हा एक्सएमएल साचा वापरते. ॲपने सर्व्हरकडे इशारा मागितल्यावर आलेला स्टेटस कोड २०० म्हणजे केवळ प्रतिसाद मिळाला. मजकूर पार्सरने तपासावाच लागतो. मग पाहायचा संदेशाचा प्रकार: नवा, सुधारित की रद्द. वेळेपुढचे +०५:३० गाळले, तर साडेपाच तासांची चूक होऊ शकते. सर्वांत फसवा भाग क्षेत्राच्या सीमेचा. या साच्यात अक्षांश आधी येतो, तर जिओजेसन या नकाशांच्या साच्यात रेखांश. क्रम न बदलता आकडे नकाशाला दिले, तर अलिबाग (१८.६४, ७२.८७) नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात दिसते. रद्द झालेला इशारा मुरुडच्या नाखव्याच्या मोबाइलवर तसाच राहणे, हा प्रोग्रामचा गंभीर दोष मानावा.