शिकारी सुरा ऑनलाइन मागवताय? आधी स्टील, इंच आणि कायदा बघून घ्या

शॉपिंग ॲपवर 'हंटिंग नाइफ' टाईप करा, भली मोठी यादी समोर येते. काळं पातं, पाठीवर करवतीसारखे दात, मुठीत होकायंत्र, वर चार हजार कापून आठशे केलेली किंमत. रिव्ह्यूत कोणीतरी लिहिलेलं असतंच, 'एक नंबर भाऊ, लूक भारी'. लूक भारी असतो हे खरं. बाकी काय आहे, ते आज बघू.

आधी नावाचाच घोळ मिटवू. आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार शिकारीवर बंदी आहे. बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन-मक्यात रोही आणि रानडुकरं घुसतात, रात्री जागलीला जावं लागतं, हे सगळं मान्य. पण त्यांचं काय करायचं याची परवानगी वनविभाग देतो, ॲप नाही. त्यामुळे 'शिकारी' सुरा घेणाऱ्याला प्रत्यक्षात तो लागतो फांद्या तोडायला, दोर कापायला, कॅम्पिंगला. किंवा इन्स्टाग्रामला. शेवटच्या गिऱ्हाईकासाठीच मी अर्धा लेख लिहिलाय.

स्पेसिफिकेशन कसं वाचायचं

मोबाईल घेताना आपण प्रोसेसर बघतो, तसं इथं स्टील बघायचं. नुसतं 'स्टेनलेस स्टील' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ 'प्रोसेसर: फास्ट' एवढाच. ग्रेड लिहिलेला हवा. स्वस्त मालात बहुतेक ४२० किंवा ३सीआर१३ असतं. गंज लवकर धरत नाही, पण कार्बन कमी, म्हणून धार दोन दिवसांत बसते. '४४०' असं अर्धवट लिहिलं असेल तर संशय घ्या, कारण ४४०ए आणि ४४०सी यांत बराच फरक आहे. सी मध्ये कार्बन साधारण एक टक्का असतो, ए मध्ये त्याहून बराच कमी. डी२ मध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम बारा टक्के. धार मस्त टिकते, पण वेडावाकडा घाव बसला तर कडेचा तुकडा उडू शकतो.

मोठ्या, घाव घालायच्या पात्याला नुसता कडकपणा चालत नाही, लवचीकपणाही लागतो. आणि इथं आपला आठवडी बाजार ॲपच्या पुढे आहे! गावोगावचे लोहार, घिसाडी कोयता बनवायला ट्रक-जीपच्या कमानीचे जुने पाटे वापरतात. हे स्प्रिंग स्टील. साधारण ०.६ टक्के कार्बन, वाकून परत सरळ होणारं. परदेशातले नामी चाकूवाले मोठ्या पात्यासाठी जे ५१६० स्टील वापरतात, ते याच घराण्यातलं.

लोहार पातं तापवून 'पाणी देतो', तेव्हा नेमकं काय होतं? साधारण ७७० अंशांच्या पुढे लोखंडाला लोहचुंबक चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं वर नेऊन पातं पाण्यात किंवा तेलात बुडवलं की आतली रचना बदलून ते काचेसारखं कडक होतं. तसंच ठेवलं तर आपटल्यावर तुटेल. म्हणून परत हलकं तापवून थोडा कडकपणा उतरवतात. अनुभवी लोहार फक्त धारेच्या बाजूला पाणी देतो, पाठ मऊ ठेवतो. धार टिकते आणि पाठ धक्का सोसते. लिस्टिंगमध्ये हीच गोष्ट 'एचआरसी' या आकड्यात दिसते. मोठ्या सुऱ्याला ५५ ते ५८ ठीक. कोणी ६२ लिहून आठशे रुपयांत विकत असेल तर तो आकडा खोटा, नाहीतर पातं तुटणार.

दुसरी महत्त्वाची गोष्ट बाहेरून दिसतच नाही. पात्याची पट्टी मुठीत किती आत जाते, त्याला टँग म्हणतात. 'फुल टँग' म्हणजे पट्टी मुठीच्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या, मधे रिव्हेट. मुठीच्या कडेला स्टीलची रेघ दिसली म्हणजे खात्री. १९८२ च्या 'फर्स्ट ब्लड' सिनेमानंतर पोकळ मुठीचे सुरे जगभर गाजले. आत काडेपेटी, गळ, वर होकायंत्र. पण मूठ पोकळ ठेवायची तर पट्टी आत जाणार कुठे? ती दोन-तीन सेंटिमीटरवर संपते आणि नटवर अडकवलेली असते. फांदीवर जोरात घाव घातला की पातं मुठीतून निघून उडतं, आणि समोर कोण उभं आहे ते त्याला माहीत नसतं. असला सुरा फुकट मिळाला तरी घेऊ नका.

'डमास्कस' लिहिलेल्या स्वस्त मालावरची नक्षी बहुतेक वेळा वरून कोरलेली असते. बारीक पॉलिश पेपरनं घासलं की जाते.

इंच मोजा, पण एवढ्यावर थांबू नका

शस्त्र नियम २०१६ च्या यादीत धारदार शस्त्रांचा गट आहे. तलवार, खंजीर, भाला, आणि ९ इंचांपेक्षा (२२.८६ सेंमी) लांब किंवा २ इंचांपेक्षा (५.०८ सेंमी) रुंद पात्याचे चाकू. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं यातून वगळली आहेत. म्हणून ऊसतोडीचा कोयता नऊ इंचांहून मोठा असला तरी अवजार, आणि तेवढाच 'टॅक्टिकल' सुरा हत्यार ठरू शकतो. लक्षात घ्या, मोजायचं ते पातं. लिस्टिंगमध्ये ठळक लिहिलेले '१४ इंच' म्हणजे मुठीसकट लांबी असते, पात्याचा आकडा खाली बारीक अक्षरांत.

'मग साडेआठ इंची घेतो, काम झालं!' असं मला दोन मित्र म्हणाले. नाही झालं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली सण, निवडणुका, आंदोलनं अशा वेळी जिल्ह्यात मनाई आदेश निघतात. पेपरात छोटी चौकट येते, आपण पान उलटतो. त्या काळात सार्वजनिक जागी तलवार, सुरा, काठीसुद्धा बाळगायला बंदी असते आणि त्यात इंचांचा हिशोब नाही. मोडलं तर कलम १३५. 'तलवारीने केक कापला, तरुण ताब्यात' या बातम्यांखाली शस्त्र अधिनियम ४/२५ आणि हे ३७-१३५ असे आकडे जोडीनं दिसतात. त्यातल्या कितीतरी प्रकरणांत पोलिसांपर्यंत पुरावा पोचवणारा आरोपी स्वतःच असतो. रील त्यानंच टाकलेली असते, लोकेशनसकट. स्टोरी चोवीस तासांनी जाते, स्क्रीनशॉट जात नाही.

आणि हे दंड भरून सुटण्याइतकं साधं नाही. आपल्याकडे चिखली, मेहकर, सिंदखेडराजाच्या ग्राउंडवर पहाटे पाचला पोरं धावतात, पोलीस भरतीसाठी, आर्मीसाठी. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते आणि फॉर्ममध्ये दाखल गुन्ह्यांचा रकाना असतो. तीन वर्षांची मेहनत पंधरा सेकंदांच्या रीलवर अडकलेली बघण्यात काही मजा नाही.

विक्रेत्यानं 'किचन युज' किंवा 'डेकोरेटिव्ह' लिहिलंय, घरपोच आलंय, जीएसटीचं बिलही आहे, म्हणून वस्तू कायदेशीर ठरत नाही. २०१८ मध्ये औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले होते.

जंगलाचा नियम तर आणखी कडक. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू सरळ नाव घेऊन लिहिलेला आहे. लांबी कितीही असो. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्य आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. लोणारचं विवर? तेही अभयारण्यच आहे. विवरात उतरताना बॅगेला 'सर्व्हायव्हल नाइफ' लटकवणाऱ्यांनी हे वाचून घ्यावं. टिपेश्वरहून निघालेला तो पट्टेरी पाहुणा २०१९ मध्ये शेकडो किलोमीटर चालत ज्ञानगंगेत आला, तोही काही सोबत न घेता.

शेतात न्यायचाच असेल तर

कामाचं अवजार कामाच्या वाटेवर शोभतं. शेतात जाताना कोयता पात्यावर जाड चामड्याचं किंवा कॅनव्हासचं म्यान घालून, पोत्यात गुंडाळून, दोरी-विळ्याच्या सोबत बांधा. हँडलला लटकवू नका, कमरेला खोचून बाईक तर अजिबात चालवू नका. गाडी घसरली तर पातं आधी तुमच्याच मांडीत जाईल. म्यानाला बंद असावा आणि टोकाशी रिव्हेट, नाहीतर पातं शिवण कापून बाहेर येतं. काम संपलं की घरी. तोच कोयता रात्री अकराला बसस्टँडवर, डिकीत, सोबत चार मित्र, अशा अवस्थेत सापडला तर 'शेतीचं अवजार आहे साहेब' हे पटवणं अवघड जाईल.

घरी आल्यावर चिकट रस पुसा, कोरडं करा, खोबरेल किंवा मशीनच्या तेलाचा हात फिरवा. कमानीच्या पाट्याचं स्टील पावसाळ्यात एका रात्रीत तांबडं होतं. आणि चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नका. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनं त्यात राहिलेली असतात, आणि पात्यावर आतल्या आत खड्डे पडतात. म्यान फक्त नेण्या-आणण्यापुरतं. ठेवताना पातं तेलाच्या फडक्यात गुंडाळून, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.